फोनवरचं गाऱ्हाणं

३ एप्रिल, गुरुवार

आज मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. सायबर सेलमध्ये आल्यापासून मी कपाट आणि झेरॉक्स मशीन यांच्या मध्ये बसत होते, त्यामुळे आता कुठे मी सामानातून माणसांत आले म्हणायची. मी पोलीस नाही. बँकेत असताना फसवणुकीचे व्यवहार शोधायचे, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आता तेच काम कंत्राटावर पोलिसांसाठी करते. गणवेश नाही, कुणाला दरडावायचा अधिकार नाही. पोलिसांत आहे म्हटलं की सोसायटीतले लोक अदबीने बोलतात. पोलीस नाही म्हटलं की तेच लोक माझ्यासाठी लिफ्ट थांबवत नाहीत.

खिडकीबाहेर बदामाचं झाड आहे. दुपारी त्याची सावली फायलींवर येऊन हलत राहते. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. उपनिरीक्षक चेतना गावडे, वयाने माझ्या भाचीएवढी आणि हुद्द्याने माझी साहेब, म्हणाली, "रश्मीताई, टेबल काम करायला दिलंय हां, झाडाकडे बघायला नाही." आणि एक नवी फाईल समोर टाकली.

प्रकरण मजेशीर आहे. गावच्या देवळात जाऊन देवाला कौल लावायचा तर रजा हवी, तिकीट हवं. म्हणून कुणीतरी इथल्या कोकणी कुटुंबांना फोनवरून ती सोय करून दिली आहे. आधी एक माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे भक्ताच्या वतीने देवाशी बोलतो. मग व्हिडिओवर पाषाण दिसतो, त्यावर पाण्याने चिकटवलेली पाकळी दिसते. पाकळी उजवीकडे पडली तर देवाचा होकार, डावीकडे पडली तर नकार. नकार आला की देवाची समजूत घालायचा खर्च. आणि नकार फार वेळा येतो.

मला हसू आलं. मग आठवलं की आपणही तिकडचेच. पण आमच्या घरातली मालवणी आईबरोबर गेली. बोलायची ती तीच. बाबांशी मी शाळेत शिकवतात तसलं मराठी बोलते आणि ते "हं" किंवा "नको" म्हणतात. मुलुंडच्या या घरात दोन माणसं राहतात हे शेजाऱ्यांना आमच्या टीव्हीवरूनच कळत असेल.

७ एप्रिल, सोमवार

वाकोल्याच्या जानकीबाई आल्या होत्या. साठीच्या, कपाळावर मोठं कुंकू. नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. करू की नको म्हणून फोनवर कौल लावला, पाकळी डावीकडे पडली. त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि त्यासाठी बाजूला ठेवलेलं सगळं देवाच्या नावाने त्या लोकांना दिलं. दोन आठवड्यांनी नवरा बाथरूममध्ये पडला. आता तो रुग्णालयात आहे. अंगात जरा ताकद आली की मगच ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणतात.

मी नेहमीप्रमाणे खातं कुणाचं, नंबर कुठला, असं विचारायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"पैशांचा काय ता तुम्ही बघा. माका एकच सांगा. तो जो गाऱ्हाणा घालीत होतो, तो खोटो होतो काय? त्येणां माज्या घरकारासाठी इतक्या मनापासून मागल्यान की माज्या डोळ्यांत पाणी इला. तोच खोटो असलो तर आता मी खयच्या देवाकडे बघू?"

असला प्रश्न नोंदवायला आमच्याकडे रकाना नाही. मी म्हटलं, शोधून सांगते. आता हे काम माझ्या गळ्यात पडलं आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

१० एप्रिल, गुरुवार

लोकांनी ती गाऱ्हाणी रेकॉर्ड करून ठेवली आहेत, प्रसाद ठेवावा तशी. गावच्या काकांना, अंधेरीच्या आत्याला पाठवायला. त्यामुळे आमच्याकडे ढीग जमला आहे. आज दिवसभर कानात हेडफोन घालून बसले.

मागे घंटा, समुद्र, ढोल असं सगळं मिसळलेलं आहे आणि त्यातून तो आवाज येतो. म्हाताऱ्या माणसाचा, पण भरदार. वर चढतो, तिथे जरा थांबतो, मग उतरतो. "बा राखणदारा म्हाराजा, ह्या लेकरू पोटासाठी तुज्यापासून लांब पडला. लांब ऱ्हवला म्हणान तेका परक्या समजू नको रे म्हाराजा!" आणि पलीकडून फोनभोवती जमलेलं अख्खं घर ओरडतं, "व्हय म्हाराजा!"

तिसऱ्या की चौथ्या रेकॉर्डिंगला माझेही ओठ हलले. चेतनाने पाहिलं. "ताई, तुम्ही पण?" म्हणून हसली.

या कामात मी पुष्कळ लबाड आवाज ऐकले आहेत. त्यांना घाई असते. या आवाजाला घाई नाही. तो प्रत्येकाचं दुःख आधी उचलून बघतो आणि मग देवापुढे ठेवतो. हा माणूस या लोकांत कसा काय सापडला, हेच मला कळत नाही. दुपारी झाडाची सावली हलत होती, आवाज चालू होता, आणि मी टेबलावर डोकं ठेवून चक्क झोपले. आई गेल्यापासून मला अशी झोप लागली नव्हती.

१३ एप्रिल, रविवार

बाबांनी आज स्वतःहून दाढी केली. गेला महिनाभर त्यांच्यात फरक आहे. जेवण नीट जातं, सदरा धुतलेला हवा असतो. याचं श्रेय केयूरला. हा आमच्या गावाकडच्या मंडळाचा कार्यकर्ता. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा कसलासा छपाईचा गाळा आहे. सोमवारी आणि गुरुवारी, मी कामावर असताना, येऊन बाबांजवळ बसतो. त्यांना भजनं ऐकायला हेडफोन दिला, फोन उभा ठेवायला स्टँड दिला. एक पैसा घेत नाही.

आज भेटला तेव्हा मी त्याचे आभार मानले. म्हणाला, "ताई, काका म्हणजे आमच्या मंडळाची शान आहेत. तुम्हाला घरात बसून कळायचं नाही." असं गोड बोलणारी माणसं आता कुठे राहिलीत? मी त्याला डबाभर रव्याचे लाडू दिले.

१७ एप्रिल, गुरुवार

मुंगी सापडली!

जानकीबाईंच्या व्हिडिओत पाकळी सुटायच्या आधी पाषाणाच्या खांद्यावरून एक मुंगी चालत जाते, थांबते, वळते. घाटकोपरच्या एका कुटुंबाच्या व्हिडिओतही तीच मुंगी, तिथेच थांबते, तिथेच वळते. म्हणजे कौल आधीच चित्रित करून ठेवले आहेत. एक उजवा, एक डावा. ज्याच्याकडून उकळायचं त्याला डावा दाखवायचा.

चेतनाने टाळी दिली. "झकास! आता कोर्टात मुंगीला साक्षीला बोलवू." सगळे हसले. मलाही छाती फुगल्यासारखं वाटलं. पण नंतर वाटलं, तो आवाज तर प्रत्येक वेळी नवा आहे. घाटकोपरच्या बाईसाठी वेगळं मागतो, जानकीबाईंच्या नवऱ्यासाठी वेगळं. फसवायचंच असेल तर एवढी मेहनत कशाला? चेतनाला हे सांगितलं. ती म्हणाली, "नटसम्राट असतात एकेक. आवाजाच्या प्रेमात पडू नका."

या वयात प्रेमात पडायला आवाजच उरलेत म्हणा.

२० एप्रिल, रविवार

रेकॉर्डिंगमध्ये समुद्र ऐकू येतो म्हणून चेतना आणि मी मनोरीला जाऊन आलो. मार्व्याहून होडीत बसलो. खाडीचं पाणी संथ होतं, ऊन पांढरं, कुणी बोलत नव्हतं. होडी चालली आहे की किनाराच मागे सरकतोय ते कळेना. हा आवाज इथे सापडला तर आपण त्याला काय विचारू, याचाच मी विचार करत होते. "का केलंत" हे नाही. "माझ्यासाठी एक गाऱ्हाणं घालाल का" हे.

कुठल्याही देवळात तो पाषाण नव्हता. वाळत घातलेले मासे उलटणाऱ्या एका बाईला आम्ही व्हिडिओ दाखवला. तिने फोन हातात घेतला, मागेपुढे केला. "ही लाटंची आवाज बग, सारखी एकच लाट येते. दर्या असा नसते," म्हणाली आणि फोन परत दिला. म्हणजे समुद्रही खोटा.

बाबांना सोबत आणायला हवं होतं. सकाळी विचारलं तर "नको" म्हणाले होते. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

अंगात ताप भरला म्हणून भर दुपारी घरी आले. दारात केयूरच्या चपला. तो बाहेरच्या खोलीत फोनमध्ये डोकं घालून बसला होता. मला पाहून दचकलाच. आतलं दार बंद. आतून बाबांचं काहीतरी पुटपुटणं ऐकू येत होतं, वर चढणारं, उतरणारं. "काकांचा जप चाललाय. मध्ये उठवू नका, ताई," केयूर म्हणाला. मला उभं राहवत नव्हतं. सोफ्यावर आडवी झाले.

तापात बरं वाटत होतं. कानात तो रेकॉर्डिंगमधला आवाजच घुमत होता, जणू भिंतीपलीकडून यावा तसा. इतके दिवस हेडफोन घालून बसल्याचा परिणाम. जाग आली तेव्हा केयूर गेला होता, बाबा खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मी विचारलं, "बाबा, तुम्ही कधीपासून जप करायला लागलात?" ते म्हणाले, "हं."

२९ एप्रिल, मंगळवार

जानकीबाईंचा फोन. शुक्रवार सोडून पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन ठरलं आहे, नऊ तारखेला. "तो माणूस गावलो काय?" मी नाही म्हटलं. "ऑपरेशनच्या आदी गावांदे. माका तेका बघूचा आसा," म्हणाल्या.

आमच्याकडे आता एकच मार्ग आहे. भक्त बनून फोन करायचा आणि आवाजाला बोलतं ठेवायचं. आमच्यातली मालवणी कळणारी मीच. माझं नाव ठरलं श्रुतिका, राहणार बोरिवली. प्रश्न असा की नोकरी टिकेल का. माझं स्वतःचं कंत्राट मेअखेरीस संपतंय, त्यामुळे प्रश्न अगदीच खोटा नाही.

भीती वाटते. पकडला जाणार नाही याची नाही, पकडला जाईल याची. मग हे ऐकायला मिळणार नाही. तपास करणाऱ्या बाईने असं लिहू नये, पण वही माझी आहे.

५ मे, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी फोन झाला. नाव, प्रश्न वगैरे आधी मेसेजवर कळवलं होतं. समोरून थेट घंटा, समुद्र, ढोल सुरू झाले. रिवाजाप्रमाणे भक्ताने आपल्या तोंडाने देवाला नाव आणि अडचण सांगायची. चेतना आणि शिपाई मिथुन बाजूला बसून ऐकत होते. मी म्हटलं, "मी श्रुतिका. बोरिवलीहून बोलते. माझी नोकरी राहील का, हे देवाला विचारायचंय."

आवाज आलाच नाही. नुसती लाट येत राहिली, तीच एक लाट. चेतनाने मला खूण केली, बोलत राहा. मी पुन्हा म्हटलं, "ऐकू येतंय ना?"

मग तो आला. चढा नव्हता. अगदी जवळून आल्यासारखा.

"बा म्हाराजा. ह्या चेडू आज तुज्या दारात खोटा नाव घेवन उभा ऱ्हवला हा. तेचो राग धरू नको. ह्या माजा चेडू. सकाळी जाता, सांजेक दमान येता. तेची आवस गेली, तेवापासून तेका जेवलंस काय म्हणान कोणी इचारल्यान नाय. बापाशीन पण नाय. बापाशीक बोलाक येणा नाय, म्हाराजा, तुज्याकडेच काय ता येता. तेका दोन घास गरम मिळांदेत, झोप लागांदे. आणि बापाशीच्या हातसून काय चूक झाली आसात, तर ती बापाशीच्या पदरात घाल. चेडवाच्या माथ्यार येवक देव नको रे म्हाराजा."

तो थांबला. माझ्या उत्तरासाठी थांबला. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." चेडू म्हणजे मुलगी, हे त्या खोलीत मला एकटीलाच कळलं होतं.

फोन बंद झाला. मिथुन म्हणाला, "आईशप्पथ, खोटं नाव ओळखलं त्याने." चेतना म्हणाली, "अंदाज मारला असेल. नंबर कुठून चालतोय ते उद्या संध्याकाळपर्यंत कळेल. ताई, तुम्ही रडताय?" मी म्हटलं, ताप उतरला नाहीये अजून.

घरी येताना ठरवलं की काही बोलायचं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ होता. फोन फोडता येतो, हेडफोन टाकता येतो, केयूरला दारातून हाकलता येतं. पुरावा कसा नाहीसा होतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत.

त्यांनी भात लावला होता. ताट घेतलं होतं. मला बघून म्हणाले, "जेवलंस?"

मी जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि तोंडातून निघूनच गेलं. मुंगी, पाकळ्या, डावा कौल, जानकीबाईंचा नवरा बाथरूममध्ये कसा पडला, सगळं. बाबांच्या तोंडावरचा रंग गेला.

"कौल? कसलो कौल? केयूर म्हणालो, लोकांक गावाक जावक जमणा नाय, तू नुसता गाऱ्हाणा घाल, पुढचा देव बघता. माका वाटला... माजो बापूस घालीत होतो तसा..." मग म्हणाले, "तो माणूस जिवंत आसा मां?"

"आहे. शुक्रवारी ऑपरेशन आहे."

त्यांनी माझं ताट उचललं आणि स्वतः धुतलं. मला त्यांचा राग आला आहे, आणि त्यांना मिठी मारावीशी वाटते आहे. दोन्ही एकदम.

६ मे, मंगळवार

सकाळी उठले तर बाबा आंघोळ करून पांढरा शर्ट घालून दारात उभे. फोन, हेडफोन, स्टँड पिशवीत भरलेले. म्हणाले, "चल. तुज्या साहेबांकडे."

मी म्हटलं, "बाबा, विचार करा. ते तुम्हाला ठेवूनही घेतील."

"तू काल रात्री झोपलंस नाय. माका आयकाक येता," म्हणाले आणि लिफ्टचं बटण दाबलं.

चेतनाने सगळं ऐकून घेतलं. आधी माझ्यावर चिडली, काल का नाही सांगितलंत म्हणून. मग बाबांसाठी पंख्याखाली खुर्ची आणवली. दुपारपर्यंत मरोळच्या गाळ्यातून केयूरला उचलला. तिथे टेबलावर पाषाण ठेवलेला, मागे जांभ्या दगडाची भिंत छापलेला पडदा. बाबांचं काय होईल ते चेतनाला आज सांगता येत नाही. साक्षीदारही होतील, आरोपीही. मला म्हणाली, "आजपासून ही फाईल तुमची नाही. तुम्ही आता टेबलाच्या त्या बाजूला बसा."

जानकीबाईंना मीच फोन केला होता. त्या आल्या आणि बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बाबा उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

"माज्या घरकारासाठी मागलात, ता खरा मागलात?"

"माका खराच वाटला, बाय. कौलाचा माका म्हायत नव्हता."

जानकीबाई त्यांना निरखत राहिल्या. मला वाटलं, आता मारतील. त्या म्हणाल्या, "मग आता परत मागा. हय, माज्यासमोर. तो चोर मदी नसताना."

बाबांनी तोंड उघडलं. मान हलवली. "आता नको, बाय. आता माज्या तोंडाक देव येवचो नाय."

जानकीबाईंनी माफ केलं असं काही म्हटलं नाही. पण त्या गेल्याही नाहीत. शेजारच्या खुर्चीवर बसून राहिल्या, दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून बाबांच्या हातात दिली आणि ते प्यायले.

माझा जबाब चेतनाने स्वतः टाइप केला. रेकॉर्डिंग लावलं. हा आवाज कुणाचा? माझ्या वडिलांचा. नाव? धाकू. नातं? मी त्यांची मुलगी. राहणार एकत्र? हो, पहिल्यापासून एकाच घरात.

"हा आवाज तुम्ही कधीपासून ओळखता?"

हा प्रश्न मी किती साक्षीदारांना विचारला आहे. लोक म्हणतात, लहानपणापासून, लग्न झाल्यापासून. माझ्याही ओठांवर जन्मापासून हेच आलं होतं. काचेपलीकडे बाबा पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून बसले होते. जबाब खरा द्यायचा असतो.

मी म्हटलं, "एप्रिलपासून."

चेतनाने माझ्याकडे पाहिलं आणि तसंच टाइप केलं.